लेकीच्या रक्तातला ए

शाळेच्या आरोग्य शिबिरातून मोठी लेक कार्ड घेऊन आली. रक्तगट लिहिला होता एबी. तिचे बाबा बी, मी ओ. बारावीला जीवशास्त्र होतं मला. आई ओ असेल तर मूल एबी होत नाही, एवढं तरी पक्कं पाठ होतं. पुन्हा तपासलं, पुन्हा एबीच. लॅबमधल्या माणसाने सहज विचारलं, "ताई, दवाखान्यात बाळ बदललं तर नाही ना?" त्या रात्री मी झोपलेल्या लेकीकडे बघत बसले. हनुवटी थेट माझ्या आईची. तरी डोळ्याला डोळा लागला नाही.

उत्तर मिळालं ते धाकट्याच्या वेळी. सातवा महिना होता, हिमोग्लोबिन ६.४. रक्त चढवायचं ठरलं आणि ओची एकही पिशवी जुळेना. रक्तपेढीतल्या बाईंनी मला आत बोलावून दोन काचनळ्या दाखवल्या. पहिलीत माझं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, आणि ओ गटाच्या पेशी होत्या. नळी हलवली तरी तळाची लाल गुठळी सुटेना. दुसरीत माझ्या पेशी आणि अँटी-एच, म्हणजे ओ गटाच्या पेशींची गुठळी करणारं द्रव्य. तिथे तळाचा ठिपका लगेच सुटला, धूर चढावा तसा वर आला. "तुम्ही ओ नाही," त्या म्हणाल्या, "तुमचा गट बॉम्बे आहे."

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला, म्हणून शहराचं नाव. मग मी हाताला लागेल ते वाचत सुटले.

एकोणिसाव्या गुणसूत्रावर एफयूटी१ नावाचं जनुक असतं. ते ३६५ अमिनो आम्लांचं एक प्रथिन, म्हणजे एक एन्झाइम बनवतं. तांबड्या पेशीवरच्या साखरेच्या साखळीला टोकाशी फ्यूकोज नावाची साखर जोडायची, एवढंच त्याचं काम. ती जोडली की पेशीवर एच नावाची खूण तयार होते. ए आणि बी म्हणजे या एचवर बसवलेली आणखी एकेक साखर. ओ गटाच्या पेशीवर नुसता एच असतो. माझ्याकडे एचच नाही, मग ए बसणार कशावर? माझ्यात ए होता, पण दिसत नव्हता. लेकीला बाबांकडून चांगलं एफयूटी१ मिळालं आणि माझा ए तिच्या रक्तात उघड झाला. हे कळलं तेव्हा मी रक्तपेढीच्या जिन्यात बसून रडले.

भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांत बहुतेक वेळा या जनुकातलं ७२५वं अक्षर, टी, बदलून जी झालेलं असतं. त्यामुळे २४२व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनिन येतं आणि एन्झाइम निकामी होतं. पण आई आणि वडील अशा दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा गट होतो. माझी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही रीतच होती.

पहिल्या बाळंतपणात माझ्या फाइलवर बिनधास्त ओ पॉझिटिव्ह लिहिलं होतं. तेव्हा रक्त लागलं असतं तर? बॉम्बेला फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं, ओचंही नाही, कारण ओच्या पेशींवरचा एच आमच्या शरीराला परका वाटतो. म्हणून हात जोडून सांगते, कार्डावर ओ असेल तर सीरमची उलट तपासणी, म्हणजे आपलं सीरम ओ गटाच्या पेशींसोबतही तपासणं, झाली आहे का, ते एकदा विचारा.

सख्ख्या भावंडाचा गट जुळायची शक्यता चारात एक. दादा कऱ्हाडहून मिळेल त्या एसटीने निघाला. त्याचा गट जुळला. मला त्याचं रक्त सुरू झालं तेव्हा तो बाहेर बाकावर चहात बिस्किट बुडवत बसला होता.