पाचातल्या चार फाइली खोडल्या

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज लिहिलं थोडं, खोडलं जास्त. नव्या प्रोसेसरची अंतर्गत रचना लिनक्स कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) सिसएफएसमधून, म्हणजे हार्डवेअरची माहिती प्रोग्रॅमना फाइलींच्या रूपात देणाऱ्या फोल्डरमधून, बाहेर दाखवावी म्हणून मी पाच फाइली मांडल्या होत्या. कोरांच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एककांच्या) गटाचा क्रमांक, गटाचा प्रकार, जवळचा मेमरी कंट्रोलर वगैरे. हार्डवेअरला ठाऊकच आहे, तर दाखवायला आपलं काय जातं, असा माझा भाबडा हिशोब.

जातं ते नंतर. फाइल एकदा दिसली की कुणीतरी ती वाचणार, आणि वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा कर्नलचा दंडक. चिप भंगारात गेली तरी फाइल पोसायची.

दुपारी माझीच एक जुनी स्क्रिप्ट सापडली. आठ थ्रेड (प्रोग्रॅमचे समांतर चालणारे धागे) सीपीयू ० ते ७ वर बांधणारी. जिथं लिहिली त्या मशीनवर सीपीयू ० चं जुळं, म्हणजे त्याच कोरवर चालणारा दुसरा सीपीयू, ६४ होतं, म्हणजे आठ थ्रेडना आठ वेगळे कोर मिळत. दुसऱ्या मशीनवर सिब्लिंग लिस्टमध्ये (जुळ्यांच्या यादीत) ‘०-१’ लिहिलेलं, त्यामुळे आठही थ्रेड चार कोरांत कोंबले गेले आणि बाकीचे कोर हातावर हात ठेवून बसले. यादी तेव्हाही समोरच होती. मी क्रमांकावर विसंबलो, नात्याकडे पाहिलंच नाही.

तिथंच माझं मत पालटलं. कर्नलनं भागाचं नाव सांगू नये, कोण कुणाबरोबर काय वाटून घेतं ते सांगावं. एएमडीच्या झेन २ मध्ये एका चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या सिलिकॉनच्या सुट्या तुकड्यावर) आठ कोर, पण एल३ कॅश (कोरांजवळची वेगवान मेमरी) दोन, प्रत्येकी चार कोरांची. झेन ३ मध्ये आठही कोरांची मिळून एकच. ‘एक चिपलेट म्हणजे एक कॅश’ असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यावर फसतो, दुसऱ्यावर योगायोगानं चालतो. कॅशच्या फोल्डरमधली शेअर्ड सीपीयू लिस्ट मात्र दोन्हीकडे खरं बोलते. (व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरवायझर, म्हणजे ती मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, सांगेल तेच खरं, ते दुखणं वेगळं.)

आकडे दाखवण्याचीही मला आता धास्ती वाटते. न्यूमा नोडचं (काही कोर आणि त्यांची जवळची मेमरी मिळून होणाऱ्या गटाचं) स्वतःशी अंतर १०, शेजाऱ्याशी समजा २०. लोक वाचतात, ‘दुप्पट वेळ’. पण तो आकडा फर्मवेअरच्या (मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) तक्त्यातून येतो, आणि भरणाऱ्यानं तो मोजूनच भरला असेल याची हमी कोण देणार? जवळचं कोण, लांबचं कोण, एवढं कळलं तरी पुष्कळ.

मग उरलेल्या माहितीचं काय? कुठला थ्रेड कुठल्या कोरवर चालेल हे ठरवणाऱ्या शेड्युलरच्या डोमेनची (त्याच्या कोरांच्या गटवारीची) माहिती आधी प्रॉकमध्ये (कर्नलच्या दुसऱ्या एका फोल्डरमध्ये) असायची, २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीत ती डीबगएफएसमध्ये (निदानासाठीच्या फोल्डरमध्ये) हलवली. तिथं फाइल टिकवायचं वचन नाही. निदान करणाऱ्यानं खुशाल बघावं, त्यावर इमारत मात्र बांधू नये. माझ्या तीन फाइली तिकडे धाडल्या. ‘गटाचा प्रकार’ सरळ उडवला. त्याचा उपयोग काय, हे मलाच दोन वाक्यांत सांगता येईना.

सिसएफएसमध्ये आता एकच फाइल उरली आहे. या कोरबरोबर एल२ (एल३ च्या आधीची लहान कॅश) कोण कोण वाटून घेतं, त्याची यादी. पण कॅशच्या फोल्डरमध्ये index2 (एल२ च्या नोंदी) खाली हेच आधीपासून असायला हवं. आपल्या चिपवर ते बरोबर भरलं जातंय का, हे उद्या सकाळी आधी बघायचं. भरलं जात असेल, तर पाचवीही गेली.