अमेरिकन प्लॅन आणि आमचं चपलांचं बाकडं

दारापाशी ठेवलेलं चपलांचं बाकडं जो बघतो तो प्लॅन मागतो. प्लॅन द्यायला माझी काहीच हरकत नाही, नेटवर असले प्लॅन पोत्याने फुकट पडलेत, पण तो प्लॅन आणि आमच्या दारातलं बाकडं यांच्यात आता चार पाय आणि वर बसायला फळी एवढंच साम्य उरलंय. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, की काय बदललं आणि का बदललं, कारण माझ्या मते घरी फर्निचर बनवण्यात खरी मजा त्या बदलण्यातच आहे, करवत चालवणं काय कोणीही शिकतं.

मूळ प्लॅन अमेरिकन. दारातून आत आल्यावर बसून बूट काढायचे, त्यासाठीचा बेंच. लांबी ४८ इंच, उंची १८, खाली एकच मोठा कप्पा कारण त्यांच्याकडे बर्फातले घोट्याच्या वरपर्यंतचे बूट असतात, आणि खालची फळी जमिनीपासून जेमतेम दोन इंच. आता आमच्याकडे बघा. पॅसेज लहान, तिथे ३६ इंचाच्या वर काही ठेवलं तर दार पूर्ण उघडत नाही. बूट एक जोडी, बाकी सगळ्या चपला, सँडल, आणि बाबांच्या त्या कोल्हापुरी ज्या ते वर्षातून दोन लग्नांना घालतात पण जागा कायमची अडवतात. आणि जमिनीपासून दोन इंच म्हणजे केर काढणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं असतं की ताई, इथे झाडू कसा घालू?

ही शेवटची गोष्ट कुठल्याही परदेशी प्लॅनमध्ये नसते. त्यांच्या घरात रोज फरशी पुसत नाहीत. आपल्याकडे रोज ओलं फडकं फिरतं, आणि लाकडी पायाचा खालचा कापलेला भाग पाणी सगळ्यात जास्त शोषतो, कारण लाकडाचे रेषे तिथे उघडे असतात. दोन-तीन पावसाळ्यांत पाय खालून काळे पडतात, मग तिथे वाळवीलाही बरं पडतं. म्हणून मी खालची फळी जमिनीपासून साडेचार इंचांवर घेतली, पायांच्या तळाला पॉलिशचे जास्तीचे हात मारले आणि खाली रबराचे बुश ठोकले. यात हुशारी वगैरे काही नाही, आपल्या घरात काय चालतं तेवढं बघितलं की झालं.

उंचीचं सांगते. १८ इंच हे खुर्चीचं साधारण माप आहे आणि धडधाकट माणसाला ते बरोबर बसतं, पण आमच्याकडे त्या बाकड्यावर सगळ्यात जास्त बसणार आई, आणि तिचे गुडघे दुखतात. खाली बसणं जमतं, उठताना त्रास. मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाड पुस्तकं रचून तिला बसवलं आणि एकेक पुस्तक वाढवत गेले. एका उंचीला ती म्हणाली, "अगं आता बरं वाटतंय, हात न टेकता उठता येतंय, पण अजून चढवू नकोस, पाय लोंबकळतील." टेप लावली, साडेएकोणीस इंच. दीड इंचाचा फरक, कागदावर किरकोळ वाटतो, गुडघ्यांना नाही वाटत.

आता इथे गंमत सुरू होते. एक माप बदललं की बाकीची आपोआप हलतात आणि प्लॅनवाले हे कुठेच सांगत नाहीत. बसायची फळी एक इंची, म्हणजे पाय साडेअठरा. खालची फळी पाऊण इंची, तिचा वरचा भाग जमिनीपासून सव्वापाचवर येतो. म्हणजे मधे उरले सव्वातेरा इंच. त्यात मला एकाऐवजी दोन कप्पे हवे, म्हणजे मधे अजून एक पाऊण इंची फळी, उरले साडेबारा. ते सारखे सव्वासहा-सव्वासहा करायचा मोह होतो, पण वरच्या कप्प्यात बसायच्या फळीखालची पुढची आडवी पट्टी अडीच इंच खाते. म्हणून खालचा कप्पा साडेपाच आणि वरचा सात, म्हणजे पट्टी वजा जाता हात घालायला साडेचार इंच राहतात. चपलेला तेवढे भरपूर. हे सगळं मी वाण्याच्या बिलाच्या पाठीवर केलं, सॉफ्टवेअर वगैरे लागत नाही.

लाकडाचं माप हा वेगळाच घोळ. अमेरिकन प्लॅनमध्ये सारखं 'टू बाय फोर' येतं आणि आपण भाबडेपणाने वखारीत जाऊन दोन बाय चार मागतो. त्यांचं टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, वाळवून-रंधून झाल्यावर उरणारं माप. वन बाय फोर म्हणजे पाऊण बाय साडेतीन. प्लॅनमधली सगळी गणितं या खऱ्या मापावर असतात. न्यू जर्सीतली माझी चुलत बहीण दुकानात जाते, आठ फुटी तयार तुकडे गाडीत टाकते आणि दुपारपर्यंत तिचं टेबल उभं राहतं. आपल्याकडे वखारवाला तुम्ही सांगाल त्या मापाला कापून देतो, पण ते खडबडीत असतं आणि रंधा मारल्यावर बाजूला एखादा सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तरी जातोच. म्हणून नेहमी स्पष्ट विचारायचं, की माप रंधण्याआधीचं की नंतरचं. आणि भाव घनफुटाचा असतो, त्याचाही हिशोब येऊ दे. १७२८ घन इंच म्हणजे एक घनफूट. दोन बाय तीनचा सहा फुटी तुकडा म्हणजे ४३२, बरोब्बर पाव घनफूट. एवढं तोंडपाठ असलं की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लोक तुमच्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलतात.

मी पायांसाठी दोन बाय दोनचं सागवान घेतलं, रंधून पावणेदोन राहिलं. मूळ प्लॅनमध्ये पाय दीड इंची, म्हणजे पुढची आडवी पट्टी ४८ वजा ३, ४५ इंच. माझी ३६ वजा साडेतीन, म्हणजे साडेबत्तीस. बाजूच्या पट्ट्या, खोली १३ इंच वजा साडेतीन, साडेनऊ. पायाची जाडी बदलली की पट्टी बदलते, पट्टी बदलली की फळ्या बदलतात. म्हणून मी आधी फक्त पाय कापून-रंधून घेते, मग टेपने खरी जाडी मोजते आणि त्यावरून पुढचं कापते. सगळं एकदम कापून आणायचं सुख प्लायवूडमध्ये मिळतं, खऱ्या लाकडात नाही.

सागवान जुनं आहे, पडलेल्या वाड्याच्या तुळईचं. पुण्यात अजून मिळतं, आणि माझ्या मते नव्या अर्धवट वाळलेल्या सागापेक्षा हजारपट चांगलं, कारण त्याला जे काय वाकायचं-पिळायचं होतं ते वाकून झालंय. फक्त आत खिळे असतात. जुने, गंजलेले, डोकी तुटलेले, बाहेरून दिसत सुद्धा नाहीत. चुंबक घेऊन प्रत्येक बाजूवर हळूहळू फिरवायचा, जिथे ओढ लागते तिथे खडूची खूण. एका हातभर तुकड्यातून मूठभर खिळे निघाले, त्यातला एक चौकोनी, लोहाराने हाताने घडवलेला, तो मी ठेवून दिलाय. सुतारमामांनी तोपर्यंत मशीनला लाकूड लावायलाच नकार दिला होता, बरोबरच आहे, पात्याचे दात त्यांचे जातात.

हो, सुतारमामा. मी सगळं एकटीने करते असा गैरसमज नको. लांब उभे काप आणि रंधा मामांच्या मशीनवर, बाकी भोकं, जोडणी, घासणं, पॉलिश घरी. प्लॅनचा प्रिंटआउट बघून मामा म्हणाले होते, "ताई, कागदावर सगळं गुण्यातच असतं." गुण्यात म्हणजे काटकोनात. म्हणून जोडताना फक्त गुण्यावर, म्हणजे काटकोन बघायच्या पट्टीवर, विसंबत नाही, चौकट झाली की दोन्ही कर्ण मोजते. सारखे आले तर चौकट गुण्यात, एक जास्त आला तर त्या लांब कर्णावर क्लॅम्प लावून हळूच आवळायचं, फेविकॉल ओला असेपर्यंतच. आणि ते सगळीकडे मिळणारे काळे स्क्रू, जे जिप्समच्या सीलिंगसाठी असतात, ते बसायच्या वस्तूला वापरू नका, ठिसूळ असतात, वजनाने डोकं तुटतं. सागाला आधी भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर टोकाला लाकूड फाटलंच म्हणून समजा.

कप्प्यांना अख्खी फळी न लावता पट्ट्या लावल्या, मधे दोन-दोन सूत फट सोडून. जुलैमधे चपला ओल्याच येतात, पाणी खाली गळायला आणि वारा लागायला जागा पाहिजे. दुसरं कारण म्हणजे दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे रुंद फळी चारही बाजूंनी घट्ट आवळली की पावसाळ्यात ती कुठून तरी बाक काढते किंवा उन्हाळ्यात चिरते. पॉलिशसाठी मामा स्पिरिट पॉलिशच म्हणत होते, दिसतं फार देखणं, पण लाखेचं असतं, पाणी साचलं की पांढरं पडतं. दारात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

सोपे प्लॅन लोकांना फुकट वाटायची कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे बरं का. एन्झो मारी नावाच्या इटालियन डिझायनरने १९७४ साली टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाटं अशांचे प्लॅन काढले, साध्या फळ्या आणि खिळे, बास, आणि जो पोस्टाचा खर्च पाठवेल त्याला ते द्यायचा. त्याचं म्हणणं असं की माणसाने स्वतःच्या हाताने एक टेबल केलं की दुकानातलं टेबल चांगलं का वाईट हे त्याला कळायला लागतं. हे मला शंभर टक्के पटतं. आता मी फर्निचरच्या शोरूममधे गेले की आधी वाकून टेबलाखाली बघते, नवरा दहा पावलं लांब जाऊन उभा राहतो.

ज्यांना सागवान परवडत नाही त्यांच्यासाठी, चाकण-भोसरीकडे कंपन्यांमधून निघालेली पाइनची पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे फळ्यांचे चौथरे, मिळतात. घेताना शिक्का बघा. एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं असतं, आतपर्यंत ५६ अंशाला निदान अर्धा तास, कीड मरावी म्हणून. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते घरात नकोच. शिक्का नाही किंवा तेला-केमिकलचे डाग असतील तरी सोडून द्या.

आणि पुस्तकांचं शेल्फ करणाऱ्यांना एकच. प्लायची शीट ८ बाय ४, म्हणून १२ इंच खोलीच्या चार पट्ट्या निघतील असं वाटतं, निघत नाहीत, प्रत्येक काप साधारण तीन मिलिमीटर भुसा करतो. पावणेबारा धरा, चार आरामात निघतात. आणि प्लॅनमधे चार फुटी फळी असली तरी मधे उभा आधार द्या. पुस्तकांनी भरलेली फळी दुप्पट लांब केली की झोल, म्हणजे मधे खाली येणारा बाक, दुप्पट नाही, सोळापट होतो. १८ मिलिमीटरच्या प्लायला अडीच फुटांपुढे मी जात नाही, दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवणार असाल तर दोनच.

आता खालच्या मजल्यावरच्या काकूंना असंच बाकडं हवंय. त्यांना म्हटलं माझी मापं घेऊ नका, मला तुमची तीन द्या, दार उघडल्यावर उरणारी जागा, घरातल्या सगळ्यात मोठ्या चपलेची लांबी, आणि कितीवर बसलं की उठता येतं. त्यांनी पहिलीच चिठ्ठी पाठवली त्यात चौथं माप होतं, नातवाच्या क्रिकेट किटच्या बॅगेचं. ती काही त्याच्यात बसत नाही, पण एका बाजूचा पाय उंच ठेवून वर खुंटी मारली तर बॅग टांगता येईल, फक्त मग वजन एका अंगाला येणार म्हणून मागून भिंतीला एक क्लिप लागेल. रविवारी मामांना विचारते.