दोन नंबरचा रिमोट

रविवारी दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना मी लॅपटॉपवर नवीन शीट उघडली आणि तिला नाव दिलं 'घरखर्च २'. खरं नाव द्यायची हिंमत झाली नाही. चाळिशीला टेकलेल्या माणसाने गेम खेळायचं यंत्र घेण्यासाठी बजेट मांडावं याची मला स्वतःलाच जरा लाज वाटत होती, फार नाही, फाइलचं नाव बदलण्याइतपत.

पहिली ओळ, कन्सोल. समोर किंमत. खाली दर महिन्याला बाजूला टाकायची रक्कम, भागाकार केला, एवढे एवढे महिने. संपलं बजेट. दहा मिनिटांचं काम आणि मी ते चार-पाच वर्षं टाळत होतो.

टाळत होतो म्हणजे खरं तर थांबलो होतो. हे थांबणं माझ्यात बाबांकडून आलंय. आम्ही काहीही मागितलं की बाबांचं एकच, "थांब जरा, स्वस्त होईल." आणि व्हायचीही ती वस्तू स्वस्त. सोनीचं प्लेस्टेशन २ हे गेमचं यंत्र आलं २००० साली, पुढे २०१३ च्या सुमारापर्यंत बनत राहिलं आणि मधेमधे त्याची किंमत खाली येत गेली, म्हणजे जो थांबला तो शहाणा असा सरळ हिशोब होता. त्याच भरवशावर मी प्लेस्टेशन ५ साठी थांबलो. ते नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, आधी कितीतरी महिने कुणाला मिळतच नव्हतं, म्हणलं बरंय, मिळायला लागेल तोवर उतरेल. तर ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने बऱ्याच देशांत किंमत वाढवली. वाढवली! जवळजवळ दोन वर्षं जुन्या यंत्राची. पुढे २०२५ मध्ये एक्सबॉक्स नावाचं असंच यंत्र विकणाऱ्यांनीही तेच केलं. हे मी बाबांना फोनवर सांगितलं, म्हणलं तुमचा नियम मोडला बघा. बाबा म्हणाले, "मग अजून थोडा थांब."

तर दुसरी ओळ. दुसरी ओळ लिहायचं काही ठरलेलं नव्हतं, पण सहज एक व्हिडिओ बघितला आणि कळलं की हे यंत्र सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत, म्हणजे तेवढी चित्रं दाखवण्यापर्यंत, जाऊ शकतं पण चार के मध्ये, म्हणजे खूप बारकाव्याच्या चित्रात, तेवढं बघायचं तर टीव्हीला एचडीएमआय २.१ जातीची जोडणी लागते. आमच्या टीव्हीला ती नाहीये. आमचा टीव्ही चांगला आहे, लावला की लागतो, आवाज येतो, कालपर्यंत त्याच्यात काही कमी आहे असं मला वाटलं नव्हतं. लिहिलं, टीव्ही, आणि समोर आकड्याच्या जागी 'नंतर बघू'. शीटची एक गंमत आहे, 'नंतर बघू' ती बेरजेत धरत नाही.

मग ते ठेवायचं कुठे. पहिलं मॉडेल ३९ सेंटिमीटर उंच, मी टेप घेऊन टीव्हीखालचा कप्पा मोजला, बसत नाही. नंतरचं बारीक मॉडेल आलंय २०२३ मध्ये, पण त्याला उभं करायचा स्टँड वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे आडवं पडून राहायचं असेल तर फुकट, उभं राहायचं असेल तर पैसे. २०२४ मध्ये त्याचं मोठं भावंड आलं, प्रो नावाचं, सगळ्यात महाग, तर त्याच्यात स्टँडही नाही आणि डिस्क टाकायची खाचसुद्धा नाही, ती वेगळी विकत घेऊन बसवायची. मला हे वाचून राग यायला पाहिजे होता पण मी शांतपणे दोन ओळी वाढवल्या. शीटमध्ये ओळ वाढवणं हे एवढं सोपं करून ठेवलंय ना, तिथेच घोळ आहे. वहीत खाडाखोड करावी लागली असती तर मी कधीच थांबलो असतो.

वहीवरून आठवलं. बाबांची हिशोबाची वही असायची, लांबट, लाल कापडी पाठीची, आणि त्यात शेवटचा रकाना 'किरकोळ'. घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो बाबांनी या किरकोळमध्ये लिहिलाय. त्या महिन्यात किरकोळ हे किराण्यापेक्षा जास्त आहे, आणि आईने बाजूला पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय. त्याचं उत्तर वहीत कुठे नाही. माझ्या शीटमध्येही मी किरकोळ नावाची ओळ ठेवली. केबल, कव्हर, चार्जिंगचं ते उभं बशीसारखं काहीतरी, काय काय. बघता बघता किरकोळची बेरीज कन्सोलच्या निम्म्यावर गेली.

स्टोरेज. पहिल्या मॉडेलच्या आत ८२५ जीबी, त्यातले वापरायला मिळतात ६६७, बाकीचे यंत्र स्वतःकडे ठेवून घेतं. आणि एकेक गेम शंभर शंभर जीबीचा. म्हणजे पाच-सहा गेम झाले की घर भरलं. एका मित्राने निन्टेन्डो कंपनीचं स्विच २ हे यंत्र घेतलं, त्याच्याकडे आधीच्या स्विचची तीन मेमरी कार्डं होती, तो खुश, तेवढा खर्च वाचला म्हणून. नव्याला एक्सप्रेस नावाची वेगळी कार्डं लागतात. जुन्या कार्डांवरून फक्त गेमचे जुने फोटो आणि व्हिडिओ काढून घेता येतात. तो तीन दिवस कुणाशी नीट बोलत नव्हता.

मेमरी कार्डचं दुःख मात्र जुनं आहे. शाळेतल्या एका मित्राकडे पहिलं प्लेस्टेशन होतं. यंत्र होतं, गेमच्या सीडी होत्या, मेमरी कार्ड नव्हतं. इवलंसं कार्ड, त्यात सगळे मिळून १२८ किलोबाइट, पंधरा खाने, आजचा व्हॉट्सअॅपवरचा एक सुप्रभातचा फोटोही त्यात कदाचित मावणार नाही. पण ते नाही म्हणजे गेम सेव्ह होणार नाही, यंत्र बंद केलं की परत पहिल्यापासून. त्याच्या घरच्यांना वाटलं होतं यंत्र घेतलं म्हणजे सगळं घेतलं, आणि ते कार्ड वेगळं मागायची त्याची छाती होत नव्हती. मग आम्ही काय करायचो, पॉज करून टीव्ही बंद करायचा आणि यंत्र तसंच चालू ठेवायचं, वर टॉवेल टाकायचा म्हणजे हिरवा दिवा दिसत नाही. रात्रभर चालू. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की पळत जायचं, टॉवेल काढायचा, यंत्र भट्टीसारखं तापलेलं आणि आपला माणूस कालच्याच जागी उभा. एकदा असे चार दिवस काढले आम्ही. पाचव्या दिवशी त्याच्या आईने साफसफाई करताना प्लग काढला. तिला अजूनही माहीत नाही त्या दिवशी काय झालं ते.

आणि आता सेव्ह करायला जागाच जागा आहे तर प्लेस्टेशन ५ च्या गेमचा सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. बॅकअप पाहिजे तर क्लाउडवर, आणि क्लाउडला सबस्क्रिप्शन. ऑनलाइन कुणाबरोबर खेळायचं तर बहुतेक गेमना तेच सबस्क्रिप्शन. प्लेस्टेशन ३ वर हे ऑनलाइन खेळणं फुकट होतं, ४ पासून पैसे लागायला लागले. सबस्क्रिप्शन कुठल्या रकान्यात लिहायचं तेच मला कळेना, कारण ती वस्तू नाही, ती कधी संपत नाही, आणि घरातला हप्त्यांचा रकाना आधीच इतका गच्च भरलाय की त्यात अजून एक नाव घुसवताना मला हळू आवाजात टाइप करावंसं वाटलं.

दोष त्यांचाही नाही म्हणा. प्लेस्टेशन ३ निघालं २००६ मध्ये, तेव्हा बनवायला येणाऱ्या खर्चापेक्षा कमी किमतीत विकत होते, पैसे गेममधून काढायचे. दाढीचा दांडा स्वस्त आणि पाती महाग, तोच प्रकार. फरक एवढाच की आता दांडाही महाग आहे.

कंट्रोलरची, म्हणजे हातात धरून खेळायच्या त्या बटणांच्या वस्तूची, वेगळी गोष्ट. त्याच्या त्या अंगठ्याने हलवायच्या काड्यांच्या बुडाशी घासून घासून झिजणारा एक भाग असतो, तो झिजला की आपण हात न लावता गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो. ड्रिफ्ट म्हणतात याला. चुंबकावर चालणाऱ्या काड्या असतात, त्या अशा घासत नाहीत, पण या मोठ्या कंपन्या आपल्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये त्या बसवत नाहीत, का ते ज्याने त्याने समजून घ्यावं. लिहिलं, ड्रिफ्ट झाल्यास. अजून न घेतलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचे पैसे मी बाजूला काढत होतो. इतकी दूरदृष्टी मी पेन्शनच्या बाबतीत दाखवलेली नाही.

एवढ्यात बायको उठून आली. मागे उभी राहून तिने सगळी शीट वाचली, सतरा ओळी, बोलली काही नाही, मग म्हणाली, "यात गेम कुठेय?"

नव्हता. सतरा ओळी, स्टँड होता, कव्हर होतं, ड्रिफ्ट होता, एकही गेम नव्हता. मी चार-पाच वर्षं जो गेम खेळायचा म्हणून थांबलो त्याचं नावच लिहायचं राहिलं होतं. ती हसत आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "आणि हा दुसरा कंट्रोलर कुणासाठी? मी नाही खेळणार हं."

हो, ती एक ओळ होती. पहिल्या पाचात होती. बाकी सगळ्या ओळींना काहीतरी कारण होतं, हिला काय कारण आहे ते मला सांगता येईना. मी कन्सोल घेणार तर एकट्यानेच खेळणार, रात्री, सगळे झोपल्यावर, आवाज बारीक करून. बरोबर खेळायला येतील असे मित्र आता फक्त ग्रुपवर आहेत.

आमचा पहिला तो किरकोळमधला व्हिडिओ गेम. निन्टेन्डोचं फॅमिकॉम म्हणून यंत्र होतं १९८३ चं, त्याची कुठल्यातरी बिननावाच्या कारखान्यात केलेली नक्कल. कंट्रोलर हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, आम्ही त्याला रिमोट म्हणायचो आणि गेमच्या डबीला कॅसेट. कॅसेट लागली नाही की काढून फुंकायची, फुंकून उलट त्याची ती धातूची पट्टी खराब होते असं पुढे वाचलं, पण तेव्हा फुंकायचा मान दादाचा होता त्यामुळे पाप त्याच्या माथी. खोक्यात दोन रिमोट आलेले, यंत्रालाच वायरने कायमचे जोडलेले, वायर एवढुशी, टीव्हीला नाक लावून बसायला लागायचं. आणि त्यातला एक नंबरचा रिमोट अर्थातच दादाचा.

दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नव्हती. आमचाच तुटका निघाला असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पण नाही, अस्सल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटलाही ती नव्हती, त्याच्या जागी एक छोटा माइक दिला होता. नक्कल करणाऱ्यांनी बटणं न देण्याची तेवढी बरोबर नक्कल केली आणि माइक काही दिला नाही. म्हणजे गेम चालू कधी करायचा ते दादा ठरवणार, कुठला खेळायचा ते दादा ठरवणार, आणि पॉज, पॉज तर फक्त दादाच्या हातात. मला शू लागलीय, पॉज कर. नाही. आईने हाक मारलीय, पॉज कर ना. थांब. आणि त्याला स्वतःला पाणी प्यायचं असलं की मी नेमका उडी मारून हवेत असताना टक् करून पॉज. मी हवेत. तो पाणी पिऊन, दोन मिनिटं बाल्कनीत उभा राहून, सावकाश येणार. पॉज काढला की माझा माणूस खड्ड्यात, कारण मी कुठलं बटण दाबून ठेवलं होतं ते तोवर विसरलेलो असायचो. खड्ड्यात पडलो की दादा म्हणायचा, "तुला येतच नाही."

असो.

कन्सोल घेतला शेवटी. टीव्ही नाही घेतला, स्टँडही नाही, आडवा पडलाय कप्प्याच्या वर. दुसरा कंट्रोलर घेतला. तो सहा महिने तसाच होता, बॅटरी पार उतरून खराब होऊ नये म्हणून मी मधूनमधून त्याला उगाच चार्जिंगला लावायचो, रात्री नारिंगी दिवा हळूहळू उघडझाप करत राहायचा आणि बायको विचारायची तो कुणाची वाट बघतोय.

मागच्या महिन्यात दादा आला. केस गेलेत, बसताना गुडघ्यावर हात ठेवून बसतो. जेवणं झाली, मुलं झोपली, म्हणलं खेळायचं का. तो म्हणाला आता कसलं, मला यातलं काही कळत नाही, आणि म्हणता म्हणता टेबलावरच्या दोन कंट्रोलरपैकी माझा, रोजचा, त्याने उचलला. न विचारता. मी दुसरा घेतला. फुटबॉलचा गेम लावला. दहा मिनिटांत त्याला जमायला लागलं, एक गोल केलाही त्याने, मग परत बॉल घेऊन सुसाट निघाला, समोर गोलकीपर सोडून कुणी नाही, तो सोफ्याच्या कडेला सरकलेला, जीभ बाहेर, त्याने शॉट मारायला बोट दाबलं आणि मी पॉज केलं.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी पिऊन येतो."