भयकादंबरीचा वाचक नेमका कशाला भितो?

व्हॅम्पायर (रक्त पिणारे पिशाच), वेअरवुल्फ (रात्री लांडगा होणारा माणूस) आणि झॉम्बी (चालतेफिरते प्रेत) यांपैकी कोणावरची कादंबरी वाचकाला खरोखर घाबरवते, या प्रश्नावर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात भेटणाऱ्या आम्हा काही वाचकांचे अजून एकमत झालेले नाही. माझा कौल व्हॅम्पायरला आहे आणि त्याला कारण आहे ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’.

ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांची मिळून बनलेली असल्यामुळे कोणत्याही एका पात्राला सगळे ठाऊक नसते. तुकडे जुळवतो तो वाचक, आणि म्हणून संकटाची चाहूलही पात्रांच्या आधी त्यालाच लागते. जहाजाच्या नोंदवहीचा भाग पाहावा. एकेक खलाशी नाहीसा होतो, कप्तान त्याची नोंद करत राहतो आणि शेवटी जहाज बंदराला लागते तेव्हा सुकाणूच्या चाकाला हात बांधलेले त्याचे प्रेत तेवढे सापडते. काउंट ड्रॅक्युला, म्हणजे कादंबरीतला व्हॅम्पायर, या भागात जेमतेम दिसतो. काउंटची शिकार झालेल्या लूसी या तरुणीला वाचवण्यासाठी चार पुरुष आळीपाळीने आपले रक्त देतात, तो प्रसंग तर आजच्या वाचकाला आणखी एका कारणाने अस्वस्थ करतो. रक्तगटांचा शोध जगापुढे आला १९०१ साली, म्हणजे कादंबरीनंतर. त्यामुळे हे डॉक्टर किती अंधारात चाचपडत आहेत हे आपल्याला दिसते, पण लेखकाला ते ठाऊक असणे शक्य नव्हते.

आमच्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो हे मुळीच पटले नाही. उन्हाने नष्ट होणारा व्हॅम्पायर १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून रूढ झाला. स्टोकर यांच्या काउंटची शक्ती दिवसा फक्त मर्यादित होते. मला हेच अधिक भयंकर वाटते, कारण सूर्य उगवला की सुटलो, एवढीही हमी राहत नाही. मात्र घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही, हा नियम मराठी वाचकाला चटकन पटतो. स्टीफन किंग यांच्या कादंबरीवरून नारायण धारपांनी ‘लुचाई’ लिहिली आणि हे भय आपल्या मातीत रुजवले. धारपांची माणसे साधी, चारचौघांसारखी असतात आणि संकट त्यांच्या नेहमीच्या घरात येते.

वेअरवुल्फची बाजू आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका मांडतात. रात्री आपल्या हातून काय घडले हे सकाळी कळणाऱ्या माणसाची व्यथा त्यांना सर्वांत भेदक वाटते. व्यथा मलाही मान्य आहे, पण दया आली की भीती ओसरते.

झॉम्बीला मनच नसल्यामुळे त्याच्यावर कादंबरी उभी राहत नाही, असे मी म्हणालो तेव्हा यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकांनी रिचर्ड मॅथेसन यांची १९५४ ची ‘आय ॲम लेजंड’ पुढे केली. तिच्यातील प्राणी व्हॅम्पायरच आहेत. पण ज्या १९६८ च्या चित्रपटाने आजचा झॉम्बी घडवला, त्याची प्रेरणा हीच कादंबरी होती. तिच्यात नायकाचा जुना शेजारी रोज रात्री घराबाहेर उभा राहतो आणि त्याला नावाने हाक मारून बाहेर बोलावतो. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला याहून मोठे भय दाखवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे उत्तर असे की, हाक मारायला नाव आठवावे लागते आणि ज्याला नाव आठवते त्याला झॉम्बी म्हणता येत नाही. म्हणून ही कादंबरीही मी व्हॅम्पायरच्याच बाजूला धरतो. त्यांना हे अजिबात मान्य नाही.