घरच्या कॅसेटची यादी आणि अडवून ठेवलेल्या नोंदी: माझा अनुभव

सोलापुरातल्या आमच्या घरी मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांतील कॅसेट, सीडी आणि डीव्हीडी मिळून दोन कपाटे भरली आहेत. त्यांत नाट्यसंगीत आणि भावगीते आहेत, कन्नड वचने आहेत, तेलुगू भजने आहेत, आणि गड्ड्याच्या यात्रेत घेतलेल्या अशाही अनेक कॅसेट आहेत, ज्यांच्या वेष्टनावर गायकाच्या नावापलीकडे जवळजवळ काहीच छापलेले नाही. नातेवाईक आणि शेजारी ऐकायला म्हणून नेतात आणि कोणती कॅसेट कोणाकडे गेली याचा पत्ता लागत नाही. म्हणून या साऱ्याची संगणकावर यादी करायची, आणि त्यासाठी आज किंवा पुढे कधीही पैसे न मागणारे सॉफ्टवेअर शोधायचे, असे मी ठरवले. यादी आता पूर्ण होत आली आहे. परंतु मधल्या एका टप्प्यावर मला ज्या रीतीने अडवले गेले, तिचा राग अजून शमलेला नाही.

डाउनलोडच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘फ्री’ असे लिहिलेले एक सॉफ्टवेअर मी प्रथम विंडोजवर बसवले. ते दिसायला नेटके होते, देवनागरी नीट घेत होते आणि वेष्टनाचे छायाचित्रही जोडू देत होते. मराठी कॅसेटचे कपाट निम्म्याहून अधिक नोंदवून झाल्यावर नवी नोंद करण्याचे बटण अचानक बंद पडले आणि विनामूल्य आवृत्तीची मर्यादा संपल्याची सूचना आली. सॉफ्टवेअर घडवणाऱ्याने आपल्या कष्टांची किंमत मागावी, यात गैर काही नाही. ती आधी सांगावी, इतकेच. पण माझ्या नोंदी घेऊन दुसरीकडे जावे म्हणून ‘एक्स्पोर्ट’वर क्लिक केले, तेव्हा तीही सोय पैसे भरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेली निघाली. प्रत्येक अक्षर मी टाइप केलेले, संगणक माझा, कॅसेट माझ्या, आणि तरीही ती माहिती बाहेर काढण्याची मला मुभा नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्यांच्याकडे ईमेल पाठवून विचारणा केली, तर उत्तरात खरेदीची लिंक आली.

छपाईची सोय मात्र खुली होती. म्हणून यादीची पीडीएफ काढली आणि तिच्यातला मजकूर उचलून लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्याच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये, चिकटवला, तर जोडाक्षरे फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या आणि काही गायकांची नावे ओळखूही येईनात. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात, त्यामुळे त्यांवरून देवनागरीचा मूळ अक्षरक्रम जसाच्या तसा परत मिळेलच असे नसते. इंग्रजी यादीचे या वाटेने बहुधा निभावते, आपले निभावत नाही.

सुटका झाली ती त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या एका मोठ्या फाइलमुळे. तिची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा अनाकलनीय चिन्हांच्या आधी, अगदी आरंभी, ‘एसक्यूलाइट फॉरमॅट 3’ हे शब्द स्पष्ट दिसले. एसक्यूलाइट ही सर्वांना खुली असलेली डेटाबेस पद्धत आहे, आणि तशा फाइली उघडण्यासाठी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ नावाचे खरोखर विनामूल्य साधन मिळते. त्यात फाइल उघडताच माझी सारी नोंदवही काना-मात्रेसह समोर आली, आणि मला अतिशय हायसे वाटले. तिथून सीएसव्ही फाइल काढली, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल. ती एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. कॅल्कमध्ये उघडताना अक्षरसंच ‘युनिकोड यूटीएफ-8’ निवडावा.

यानंतर मी फक्त जीपीएल या खुल्या परवान्याची सॉफ्टवेअर पाहिली, कारण त्या परवान्यात वापरावर बंधन नसते आणि मूळ कोडही मिळतो. घरच्या संग्रहाची यादी करण्यासाठी जीसीस्टार, डेटा क्रो आणि टेलिको ही तिन्ही चांगली आहेत. कोडी आणि जेलीफिन ही संगणकाच्या डिस्कवर साठवलेली गाणी आणि चित्रपट लावण्यासाठी आहेत, कपाटातली कॅसेट त्यांना दिसत नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली कोहा ही ग्रंथालयांची प्रणाली घरासाठी फार मोठी आहे. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून मी टेलिको निवडले, कारण त्यात आपल्या मनाचे रकाने वाढवता येतात. ‘भाषा’ आणि ‘कपाट-कप्पा’ हे दोन रकाने मी वाढवले, आणि सोलापुरातल्या घराला पहिला रकाना अत्यावश्यकच आहे. उसनी दिलेली वस्तू कोणाकडे आणि केव्हा गेली, याचीही नोंद त्यात होते.

इंटरनेटवरून माहिती आपोआप भरली जाईल, या भरवशावर मात्र राहू नये. सीडीवरील गाण्यांच्या आरंभस्थानांवरून म्युझिकब्रेन्झ ही संगीताच्या माहितीची वेबसाइट ती सीडी ओळखते, परंतु स्थानिक कॅसेटची माहिती तिथे सहसा नसते. ती हातानेच भरावी लागते. तरीही मी माझ्या काही मराठी सीडींची माहिती तिथे आवर्जून भरतो. पूर्वी सीडीडीबी या सीडींच्या माहितीच्या संग्रहात असंख्य लोकांनी स्वेच्छेने नोंदी भरल्या आणि पुढे तो संग्रह व्यावसायिक कंपनीच्या ताब्यात गेला. म्युझिकब्रेन्झची मूळ माहिती सार्वजनिक मालकीची आहे, म्हणून तिथे घातलेले श्रम असे कोणाच्या कुलपात जाणार नाहीत.

आणखी एक सूचना टंकलेखनाबाबत. ‘किनाऱ्यावर’सारख्या शब्दातला ‘ऱ्या’ एकापेक्षा अधिक पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण शोध घेताना जुळेलच असे नाही. एकच कीबोर्ड ठरवून घ्यावा.

आणि ही गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती: कोणतेही सॉफ्टवेअर बसवल्यावर चार-पाच नोंदी करून त्या लगेच सीएसव्हीमध्ये बाहेर काढून पाहाव्यात, आणि त्यांतले मराठी शाबूत आले तरच कपाट उघडावे. टेलिकोची फाइल पेनड्राइव्हवर घेतानाही छायाचित्रे त्याच फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे सेटिंग्जमध्ये तपासावे. तो निवडलेला नसेल, तर यादी पोहोचते आणि छायाचित्रे जुन्या संगणकावरच राहतात.