महालक्ष्मीचं वळण आणि आबांचा तळहात

आमच्या आबांनी उभं आयुष्य लोह्याच्या बाजारात बैलांना पत्र्या आणि घोड्यांना नाल ठोकण्यात घालवलं. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची जत्रा भरली की आमचं बिऱ्हाड तिथंच. तिथं गिऱ्हाईक आलं की मालक घोडा सरळ पळवून दाखवतो. त्यामुळं मागच्या हिवाळ्यात त्यांना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेलं, तेव्हा कठड्याला धरून ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

"कामून गोल पळवतेत रे?"

मी सांगितलं, हा लंबगोल फेरा 2,400 मीटरचा, आणि 1943 पासून होणारी इंडियन डर्बीची शर्यतही तेवढ्याच अंतराची. घोडे घड्याळाच्या काट्यासारखे, उजवीकडं वळत पळतात.

"मग वळणावर उजवा पाय पुढं टाकणारंच जनावर पाहिजे. डाव्यावर पळणारं बाहीर जाते."

त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. खरंच, वळण संपून शेवटची सरळ पट्टी लागली की दमलेला घोडा पुढं टाकायचा पाय बदलतो. पुढच्या शर्यतीत आम्ही फक्त पाय बघितले.

आधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला व्हायच्या. इथं दलदल होती. मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या नमुन्यावर 1883 मध्ये हे मैदान उभं राहिलं. आबांना मात्र हैदराबादची गोष्ट जास्त जवळची वाटली. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात वाढलेले. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या इच्छेनं तिथल्या शर्यती 1886 मध्ये मौला अलीहून मलकपेटला आल्या. तिथं आजही घोडे पळतात, हे ऐकून आबांचा चेहरा उजळला.

निघताना घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दारानं त्यांना झिजलेला नाल दिला. ॲल्युमिनियमचा. आबांनी तो तळहातावर ठेवून हात दोनदा वरखाली केला, मग पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड घासून पातीसारखी झाली होती. आमच्या पेटीतले लोखंडी नाल याच्यापुढं धोंडे वाटावेत.

परतताना देवगिरी एक्स्प्रेसमध्ये त्यांनी रुमालाची गाठ सोडून तो पुन्हा बाहेर काढला.

"आपल्या मुरमावर हे दोन दिस टिकायचं नाही," ते म्हणाले. "पण त्या हिरवळीवर जनावराला पायात काही हाय असं वाटतच नसंल."