मोठ्या अंड्यांसाठी कोंबडीची जात कशी निवडली

जात ठरवण्याआधी मोठं अंडं म्हणजे किती वजनाचं, हे मला पक्कं करावं लागलं. युरोपातल्या प्रतवारीत ६३ ते ७३ ग्रॅमचं अंडं मोठं आणि ७३ च्या पुढचं अतिमोठं. अमेरिकेत मात्र साधारण ५७ ग्रॅमपासूनच मोठं धरतात. म्हणून कुणी ‘ही जात मोठी अंडी देते’ म्हटलं की मी आधी वजन विचारते, मग कोंबडीचं वय.

पहिल्यांदा खोडून काढला तो समज म्हणजे अंगानं थोराड कोंबडी मोठं अंडं घालते. ब्रह्मा आणि जर्सी जायंट भल्यामोठ्या असतात, पण अंड्यावर उशिरा येतात आणि अंडं अंगाच्या मानानं बेताचंच. लेगहॉर्न जेमतेम दोन किलोची, तरी पांढरं, भरदार अंडं घालते. शुद्ध जातींत आकारासाठी माझी पहिली पसंती मिनोर्काला. अंडं पांढरं, खूप मोठं, आणि ती क्वचितच खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. अडचण तिच्या मोठ्या तुऱ्याची: गोठवणाऱ्या थंडीत तो हिमदंशानं काळा पडतो. तशा हवेत ऱ्होड आयलंड रेड किंवा प्लायमाउथ रॉक बरी; अंडी तपकिरी, स्वभाव शांत. संकरित तपकिरी कोंबड्या वर्षाला ३०० च्या आसपास मोठी अंडी देतात, पण त्यांच्या पिल्लांत तो गुण तसाच उतरत नाही.

जातीइतकाच वंश महत्त्वाचा. एकाच जातीत प्रदर्शनासाठी जोपासलेला वंश वेगळा, अंड्यांसाठी निवडलेला वेगळा. त्यामुळे पिल्लं घेण्याआधी त्याच वंशाच्या, ४० आठवड्यांपुढच्या कोंबड्यांची ३० अंडी काट्यावर घालून सरासरी काढली. नव्या तलंगांच्या, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्यांच्या अंड्यांवरून काही ठरवू नये, ती लहानच असतात.

खरी चूक होते ती यानंतर. तलंगांचं वजन भरण्याआधी उजेडाचे तास वाढवले तर त्या लवकर अंड्यावर येतात आणि पुढेही अंडी लहानच राहतात. शिवाय अपुऱ्या वाढलेल्या तलंगेला अंडं घालताना अंग बाहेर येण्याचा धोका असतो, आणि बाकीच्या कोंबड्या तिथे चोच मारून तिला मारून टाकतात. म्हणून दर आठवड्याला वजन करायचं आणि जातीच्या तक्त्यातलं वजन भरेपर्यंत उजेड वाढवायचा नाही. तोवर अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्यही देऊ नये. त्यातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला सोसत नाही.

अंड्यावर आल्यावर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. त्यातही मेथिओनिन, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, कमी पडलं की आकार घटतो. लिनोलेइक आम्ल या स्निग्ध पदार्थातल्या घटकाचंही तसंच. ते मक्यातून, सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलातून मिळतं. उन्हाळ्यात कोंबड्या कमी खातात, अंडी लहान होतात; मी खाद्य पहाटे आणि संध्याकाळी गारव्यात देते, पाणी सावलीत ठेवते.

वय वाढेल तसं अंडं मोठं होतं, पण कवचासाठीचं कॅल्शियम त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून कवच पातळ पडतं. त्यासाठी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवते. उबवणीसाठी मात्र अतिमोठी अंडी बाजूला काढते. त्यांतून पिल्लं कमी निघतात.